अर्धा विनोद गावाचा

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. काल्हेरला गावदेवीची जत्रा होती आणि रात्री तमाशा होता. दुपारीच फडाचा ट्रक देवळामागच्या शेतात येऊन उभा राहिला. भात केव्हाच झोडून झालेलं, जमिनीला भेगा, कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचत होते. आम्ही पोरं ट्रकभोवती घिरट्या घालत होतो. ट्रकच्या सावलीत पोतं अंथरून एक बुटका माणूस भाकरी खात बसला होता. सोबत ठेचा आणि फोडलेला कांदा. त्याने मला हाताने जवळ बोलावलं.

"काय रं पोरा, तुमच्या हितं घोड्याला काय म्हणत्यात?"

"घोरा."

"आन् साडीला?"

"सारी."

तो भाकरी चावत मान हलवत होता. मग इकडेतिकडे बघून त्याने देवळाच्या पारावरच्या झाडाकडे बोट केलं. "आन् ते?"

"वराचं झार."

त्याचा घास तोंडातच थांबला. हे मला आजही स्वच्छ आठवतं. मग त्याने माझ्या हातावर अर्धी भाकरी ठेवली आणि पाणी प्यायला उठून गेला.

ज्यांना आमची आगरी बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या पट्ट्यात 'ड'चा 'र' होतो. गाडी ती गारी, झाड ते झार, आणि वड तो वर. घाटावरून आलेल्या त्या माणसाला ते नवं होतं.

रात्री वग सुरू झाला. राजा आपल्या सोंगाड्याला सांगतो, राजकन्या लग्नाची झाली, जा, तिच्यासाठी वर बघून ये. सोंगाड्या जातो, एक चक्कर मारून परत येतो. दुपारचा तोच बुटका माणूस.

"बघितला का वर?"

"बघितला की, महाराज. ह्याच गावात हाय."

"कसा आहे?"

"उंच. थोराड. हालत न्हाई, डुलत न्हाई."

"राहतो कुठं?"

"देवळासमोर, पारावर."

"वय?"

"असंल शंभरच्या वर."

"शंभर! अरे, मग दाढी?"

"जमिनीला टेकलीया, महाराज. आन् गावातल्या समद्या बाया दरसाल येऊन त्याला सूत गुंडाळून जात्यात!"

पुढच्या बाजूला बसलेल्या बायकांना आधी कळलं. एक किंकाळीसारखं हसू तिथून उठलं. मग ते मागे मागे पसरत गेलं, बैलगाड्यांवर बसलेल्या माणसांपर्यंत. सोंगाड्या काही बोलला नाही. तो नुसता पाराकडे वळला, हात जोडले आणि वडाला म्हणाला, "पावनं, कवा येऊ बोलणी कराया?" त्यानंतर किती वेळ तमाशा थांबून राहिला मला सांगता येणार नाही. माझी आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी मात्र हसत नव्हतो. मी थक्क झालो होतो. माझ्या तोंडातून दुपारी निघालेला एक साधा शब्द त्या माणसाने घेतला होता, आणि आता अख्खं गाव त्या शब्दाने हसत होतं.

हे कसं झालं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. गावोगाव हिंडून माणसांना हसवणं हे ज्यांचं काम, त्यांच्याविषयी मिळेल ते मी वाचत आणि ऐकत आलो. जितकं कळलं तितकं माझं आश्चर्य वाढतच गेलं.

तमाशाची बांधणी पाहा. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. गण देवाचा, त्यात हात घालायचा नाही. गवळणीत मावशी आली की थोडी मोकळीक सुरू होते. बतावणी आणि वगात सोंगाड्याला पूर्ण रान मोकळं. वगाची गोष्ट ठरलेली असते, राजा-प्रधान ठरलेले असतात, पण सोंगाड्याची वाक्यं बहुतेक कागदावर नसतात. जिथे वर बघून यायचं, जिथे बाजारातून काहीतरी आणायचं, जिथे निरोप सांगायचा, तिथे गोष्टीत मुद्दाम एक जागा रिकामी सोडलेली असते. त्या जागेत आज कुठला गाव भरायचा, ते सोंगाड्याने दुपारी ठरवायचं. त्या माणसाने आमच्या गावात जे केलं, ते त्याने दुसऱ्या दिवशी नाशकाकडच्या गावात केलं असतं तर एकही माणूस हसला नसता. तिथे वड हा वडच आहे. तिथे त्याला नवं काहीतरी शोधावं लागलं असणार, पुन्हा कुणा पोराला जवळ बोलवावं लागलं असणार. ट्रकमध्ये पेट्या, पडदे, ढोलकी येतात. विनोद मात्र अर्धाच येतो. उरलेला अर्धा गावात मिळतो.

सोंगाड्यासोबत जो दुसरा असतो, राजा किंवा सरदार, त्याचं काम मला फार उशिरा उमगलं. तो न हसणारा असतो आणि दरवेळी सोंगाड्याचा शब्द प्रश्न करून परत फेकतो. "शंभर! अरे, मग दाढी?" हे वाक्य नसतं तर अर्ध्या मैदानाला शंभरचा आकडा ऐकूच गेला नसता. ध्वनिक्षेपक येण्याआधी हजारोंच्या गर्दीत विनोद मागच्यापर्यंत पोचायचा तो या पुनरुक्तीवर. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने आश्चर्याने तेच म्हणायचं, मागे उभ्या झीलकऱ्यांनी हुंकार भरायचा. गरजेपोटी आलेली ही रीत विनोदाचीच ताकद होऊन बसली. शब्द दुसऱ्यांदा येतो तेव्हा ऐकणारा थोडा पुढे धावलेला असतो, आणि स्वतःहून अर्थापाशी पोचल्याचा आनंद त्याला मिळतो.

या कलेतले दिग्गज आपल्याच मातीतले. तळेगाव दाभाड्याजवळच्या इंदुरीचे दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार करत. संगीत नाटक अकादमीने १९७३ मध्ये त्यांना पुरस्कार दिला. गावच्या जत्रेत धुरळ्यात उभं राहून हसवणाऱ्या माणसाचा दिल्लीने केलेला तो सन्मान होता. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे तर जुळे भाऊ. खरी नावं लहू आणि अंकुश खाडे. 'जहरी प्याला' या वगात दोघे हवालदार होऊन येत, आणि सारख्या चेहऱ्याची दोन माणसं समोर उभी राहिली की प्रेक्षकाची जी गंमत होते, तिच्यावर त्यांनी काही दशकं महाराष्ट्र हसवला.

आता या माणसांचा दिवस कसा जातो ते बघा. दसऱ्याच्या सुमारास फड घराबाहेर पडतात ते वैशाखापर्यंत. थंडीत तंबू ठोकून तिकिटावर खेळ, आणि चैत्र लागला की जत्रांच्या सुपाऱ्या. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला त्या दिवसांत फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिट्यांची माणसं तिथे येतात, राहुट्या हिंडतात, चहा होतो, तारीख आणि रक्कम ठरते. मोठ्या फडात शंभरच्या वर माणसं असतात. नाचणाऱ्या, वादक, सोंगाडे, आचारी, ट्रक चालवणारे, तंबू उभारणारे, आणि सोबत लहान मुलं. रात्री उशिरा खेळ संपला की पडदे उतरतात, पेट्या चढतात, आणि माणसं सामानावरच अंग टाकतात. सकाळी डोळे उघडतात ते दुसऱ्या गावात. झोप दिवसा, ट्रकखाली किंवा शाळेच्या व्हरांड्यात. पावसाळ्यात काम नाही, म्हणून मालकाकडून उचल, आणि पुढचा हंगाम ती उचल फेडण्यात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती ऐन जत्रांच्या तोंडावर. राहुट्या लागण्याच्या दिवसांत सगळं मिटलं, वर्षभराची कमाई ज्या दोन महिन्यांवर उभी असते तेच दोन महिने गेले. त्याबद्दल आपल्याकडे जितकं बोललं जायला हवं होतं तितकं बोललं गेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण मला पुन्हा त्या शेताकडे जायचं आहे, कारण तिथे आणखी एक गोष्ट घडली होती. सोंगाड्या थांबला होता. ज्याला नट टायमिंग म्हणतात ते.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. नाट्यगृहात शेवटची रांग पंचवीस मीटरवर धरली तर नटाचं वाक्य तिथे पोचून तिथला हशा परत यायला सेकंदाचा जेमतेम सातवा भाग लागतो. नटाला वाटतं, सगळे एकदम हसले. उघड्या मैदानात भोंगे मंचाच्या दोन बाजूंना आणि शेवटची बैलगाडी शंभर मीटरवर असेल, तर जायला-यायला मिळून अर्ध्या सेकंदाहून जास्त. त्यात मागच्यांना शब्द जरा पुसट ऐकू येतो, म्हणून कळायलाही वेळ. म्हणजे पुढच्यांचं हसू उतरणीला लागतं तेव्हा मागच्यांचं चढत असतं. सोंगाड्या पुढच्या रांगेकडे बघून पुढचं वाक्य टाकेल तर मागचा निम्मा गाव त्याला मुकेल. म्हणून तो थांबतो, पाराकडे वळतो, हात जोडतो. त्या हात जोडण्यात मागचं हसू पुढे येऊन पोचतं. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नसतं. शेकडो मैदानांची लांबी त्याच्या कानात बसलेली असते. मला हे कळलं त्या दिवशी मी घरात बसल्या जागी टाळी वाजवली.

हसण्याचा शास्त्रीय अभ्यासही थक्क करणारा आहे. अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी बाजारात, रस्त्यात, कॉलेजात माणसं कधी हसतात ते नोंदवून ठेवलं. बाराशे प्रसंगांतून त्यांना दिसलं की ज्याला विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर माणसं हसतात ती जेमतेम दहा-वीस टक्के वेळा. बाकी हसू "बरं, भेटू मग" अशा बोलण्यानंतरचं. एकट्याने असण्यापेक्षा माणसांत असताना माणूस तीसपट जास्त हसतो, असंही त्यांना आढळलं. आणि प्रत्येक 'हा'ची लांबी सेकंदाचा साधारण पंधरावा भाग, दोन 'हा'च्या सुरुवातींमध्ये सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं अंतर. काल्हेरची म्हातारी असो की अमेरिकेतला विद्यार्थी, हसण्याचा ठेका जवळपास तोच. म्हणजे हजार माणसं एकदम हसतात तेव्हा हजार अनोळखी छात्या एका लयीत हलत असतात. कुणी ढोलकी वाजवून ती लय दिलेली नसते.

मग प्रश्न पडतो, ज्यांचा मजकूर ठरलेला असतो, शब्दन् शब्द छापलेला, ते काय करतात? पु. ल. देशपांडे यांचं 'बटाट्याची चाळ' पुस्तक म्हणून १९५८ साली आलं आणि १९६१ पासून त्यांनी ते एकट्याने रंगमंचावर उभं केलं. अनेकांनी घरी वाचलेलं पुस्तक. शेवटी काय होणार ते ठाऊक, तरी माणसं रांगा लावून तिकिटं काढत होती. का? घरी एकट्याने वाचताना ज्या वाक्याला आपण नुसते गालात हसलो, त्याला हजार माणसांसोबत कसं हसतात, ते बघायला. प्रोव्हाइन यांच्या तीसपटीचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

आणि लक्ष्मण देशपांडे! औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस. मराठवाड्यातलं एक वऱ्हाड लग्नासाठी लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न पात्रं आणि नट एक. ना दृश्यबंध, ना रंगभूषा बदलणं, हाताशी एक उपरणं. ते डोक्यावर घेतलं की बाई, खांद्यावर टाकलं की बाप्या. जवळजवळ तीन तास. गिनीज बुकात नोंद झाली. मराठवाड्याच्या बोलीत चाललेला हा खेळ मुंबईत, पुण्यात आणि परदेशातल्या मराठी माणसांसमोरही झाला, आणि २००९ मध्ये ते गेल्यानंतर तोच खेळ संदीप पाठक करतात. इथे बोली गावातून उचललेली नाही, ती सोबत नेलेली आहे. मग अर्धा विनोद गावाचा हे माझं म्हणणं इथे खोटं पडतं का? मी बराच विचार केला. मला वाटतं, नाही पडत. कारण बावन्नपैकी एकही पात्र रंगमंचावर दिसत नाही. मान वळली की समोरच्या प्रत्येकाने आपल्या नात्यातली काकू, आपल्या गावचा तात्या तिथे उभा करायचा. नट सूत देतो, वस्त्र प्रेक्षक विणतो.

वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार होऊन येत. हे लोकनाट्य १९६५ च्या सुमारास आलं आणि त्याचे हजारच्या वर प्रयोग झाले. संहिता लेखकाची, पण दादांनी प्रयोगागणिक ताज्या बातमीला त्यात जागा करून दिली. आशा भोसले यांनी हा प्रयोग पाहिला, भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सांगितलं, आणि १९६९ च्या 'तांबडी माती'तून ते पडद्यावर गेले. १९७१ मध्ये त्यांनी स्वतःचा चित्रपट काढला, त्याचं नावच 'सोंगाड्या'.

आमच्या बाजूला ऑर्केस्ट्रांचेही दिवस येऊन गेले. दोन गाण्यांच्या मध्ये वादकांना दम खायला दहा मिनिटं लागत, तेवढ्यात एक मिमिक्रीवाला येऊन नकला करी. त्या दहा मिनिटांतून जॉनी लिव्हर घडले. हिंदुस्थान लिव्हरमध्ये कामाला असताना साहेबांच्या नकला केल्या म्हणून ते आडनाव चिकटलं, आणि १९८२ मध्ये कल्याणजी-आनंदजींसोबत ते परदेश दौऱ्यावर गेले. फावल्या वेळेची भरती म्हणून उभा केलेला माणूस लोकांच्या लक्षात राहिला.

आज मराठीत स्टँडअप करणारी तरुण मुलं-मुली आहेत. भाडिपा या मराठी यूट्यूब वाहिनीने २०१६ पासून जी वाट केली तिच्यावरून बरेच जण चालले. शनिवारी पुणे, रविवारी नाशिक, मग कोल्हापूर, मग एखादा कंपनीचा कार्यक्रम. ट्रक नाही, सोबत शंभर माणसं नाहीत. एक पाठीवरची बॅग, आणि समोर माइक, उंच स्टूल, पाण्याची बाटली. त्यांची कारागिरी मला सोंगाड्याइतकीच आश्चर्याची वाटते. पाच मिनिटांचा मजकूर घेऊन ओपन माइकला जायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, रात्री बसमध्ये ते ऐकायचं. स्वतःचं बोलणं नाही, लोकांचं हसणं ऐकायचं. कुठे ते आलं, कुठे अर्धवट राहिलं, कुठे एक शब्द जास्त झाला. तो शब्द काढायचा आणि दुसऱ्या गावात पुन्हा बघायचं. तासाभराचा कार्यक्रम असा उभा राहायला वर्ष सहज जातं. म्हणून प्रवास हा त्यांच्या कामाचा भाग आहे, त्यातच लिखाण होतं.

सोंगाड्याला नसलेली एक अडचण मात्र त्यांना आहे. 'वराचं झार' तो माणूस काल्हेरला बोलला, मग कोनला, पूर्ण्याला, अंजूरला बोलू शकत होता. आजचा विनोद एकदा मोबाइलवर आला की सगळ्या गावांना एकाच रात्री कळतो. म्हणून ही मंडळी कार्यक्रमात खाली उतरतात आणि पहिल्या रांगेला विचारतात, "कुठून आलात? काय करता?" उत्तरातून जे निघतं ते फक्त त्या संध्याकाळचं. ते पुन्हा वापरता येत नाही, म्हणून मोकळ्या हाताने व्हिडिओवर टाकता येतं, आणि ठेवणीतला मजकूर तिकीट काढणाऱ्यांसाठी राहतो. त्यांच्या भाषेत याला क्राउडवर्क म्हणतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ट्रकची सावली आणि ठेच्याचा वास आठवला. प्रश्न तोच होता. तुमच्या इथे घोड्याला काय म्हणतात?

काल्हेर आता फार बदललं. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना गोदामं लागतात, देशभराचा माल इथे उतरतो आणि इथून निघतो. मेट्रोचे खांब उभे राहिले. जुन्या आग्रा रोडवर रात्री कंटेनरची रांग लागते आणि त्या रांगेत कधीकधी नाटकाची बस अडकलेली दिसते. खिडकीतून कुणीतरी बाहेर बघत असतं. गावात राहायला आलेली माणसं आता जौनपूरची आहेत, लातूरची आहेत, खानदेशची आहेत. शाळेतली पोरं 'घोडा' म्हणतात. 'वराचं झार' म्हटलं तर माझ्या नातीला समजावून सांगावं लागतं. तरी मला वाटतं, त्या बुटक्या माणसाला आज इथे आणून सोडलं तर संध्याकाळपर्यंत त्याला काहीतरी सापडेल. गोदामाच्या दारातल्या हमालाला, चहाच्या टपरीवरच्या पोराला तो काहीतरी विचारेलच.

तुमच्या गावच्या जत्रेत तमाशा येणार असेल, तर एक विनंती. रात्रीची वाट बघू नका. दुपारी ट्रक लागेल तेव्हाच जा, सोबत पाण्याची कळशी न्या, जमलं तर भाकरीही न्या. आणि कुणी विचारलं की तुमच्या इथे याला काय म्हणतात, तर लाजू नका. जसं घरी म्हणता तसंच सांगा.